ऑपरेशनच्या टेबलावर द्यायचं रेडिएशन नंतर जखम उघडून घ्यावं का?

कागलच्या एका ताईंनी विचारलंय, तो प्रश्न आधी थोडक्यात सांगते म्हणजे पुढचं कळेल. आईचं वय ५८, डाव्या स्तनात १.६ सेमीची गाठ होती, साडेतीन आठवड्यांपूर्वी कोल्हापुरात ऑपरेशन झालं, स्तन ठेवून फक्त गाठ काढली. कडा मोकळ्या आल्या (म्हणजे काढलेल्या भागाच्या काठाला कॅन्सर नाही), काखेतल्या ३ ग्रंथी तपासल्या त्या स्वच्छ, ग्रेड २ म्हणजे मध्यम जोराचा, हार्मोन पॉझिटिव्ह म्हणजे हार्मोनच्या गोळ्या लागू पडणारा, हर-टू नावाच्या प्रथिनाची तपासणी निगेटिव्ह, केमो लागणार नाही असं सांगितलंय. आता ठाण्याच्या मामांचा फोन आला की तिकडे ऑपरेशन चालू असतानाच टेबलावर एका डोसात रेडिएशन उरकतात, तुमच्या डॉक्टरांनी ते का दिलं नाही, फसवलं तुम्हाला. तर ताईंचे प्रश्न तीन. ते का दिलं नाही, आता पुन्हा भूल देऊन जखम उघडून ते घेता येईल का, आणि नाहीतर साधं रेडिएशन नेमकं किती दिवसांत सुरू करायचं.

मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते कारण तेच जास्त घाईचं आहे. जखम उघडून घेऊ नका. मी २२ वर्षं रेडिएशन देतेय, माझी सख्खी बहीण असती तरी हेच सांगितलं असतं. आणि फसवलं वगैरे काही नाही ओ, ते मशीन मुळात फार थोड्या ठिकाणी असतं, आणि जिथे असतं तिथेही सगळ्यांना देत नाहीत.

मामा म्हणतात ती गोष्ट खरी आहे, तिला टार्गिट म्हणतात, आणि तिच्या मागे आपल्याकडचाच माणूस आहे, डॉ. जयंत वैद्य. लंडनमध्ये मायकल बॉम आणि जेफ्री टोबायस यांच्याबरोबर त्यांनी हे सुरू केलं. पण विचाराचं मूळ परळच्या टाटा हॉस्पिटलात आहे. तिथे त्यांनी काढलेले ३० अख्खे स्तन बारीक काप करून तपासले, १९९६ साली ते छापून आलं, आणि निम्म्याहून जास्त स्तनांमध्ये मुख्य गाठीपासून लांबसुद्धा कॅन्सरचे बारीक ठिपके सापडले. आता गंमत बघा, ठिपके स्तनभर असतात पण ऑपरेशननंतर कॅन्सर परत उगवतो तो बहुतेक वेळा जुन्या गाठीच्या जागी किंवा तिच्या अगदी शेजारी. म्हणजे लांबचे ठिपके बहुतेक झोपूनच राहतात आणि जिथे चाकू लागला तिथेच काहीतरी घडतं. मग अख्ख्या स्तनाला शेक देण्यापेक्षा त्या जागेलाच का देऊ नये, आणि ती जागा डोळ्यासमोर उघडी असतानाच का देऊ नये, असा तो सरळ विचार.

मी हे एकदा ट्रेनिंगला गेले होते तेव्हा जवळून बघितलंय. सर्जननी गाठ काढली की जो खड्डा राहतो त्यात एका दांड्याच्या टोकाला लावलेला गोल बॉल बसवतात. बॉल वेगवेगळ्या मापाचे येतात, दीड सेमीपासून ५ सेमीपर्यंत, म्हणजे बोरापासून मोठ्या लिंबापर्यंत समजा. मग बटव्याच्या तोंडाची दोरी ओढतो तसा एक टाका खड्ड्याभोवती फिरवून ओढतात, त्यामुळे आजूबाजूचं मांस बॉलला चारी बाजूंनी घट्ट चिकटतं. कातडी भाजू नये म्हणून ती बॉलपासून लांब ओढून धरतात. त्या दिवशी अर्धा वेळ नुसतं कातडीचं अंतर मोजण्यात गेला, सर्जन आणि फिजिसिस्ट (डोसाचा हिशेब करणारा) दोघं वाकून बघत होते. मग २० ते ५० मिनिटं मशीन चालतं. बॉलच्या पृष्ठभागावर २० ग्रे (ग्रे हे रेडिएशन मोजायचं माप) डोस असतो आणि एक सेमी आत गेलं की तो ५ ते ७ ग्रेवर येतो. म्हणजे ताकद आहे ती अगदी चिकटलेल्या थरात. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या पद्धतीची मोठी चाचणी २००० साली सुरू झाली आणि २०१२ पर्यंत १० देशांतल्या ३२ सेंटरमध्ये ४५ वर्षांवरच्या, लहान आणि एकच गाठ असलेल्या बायका त्यात घेतल्या. त्यात दोन वेगळे गट होते आणि मामांनी ऐकलेल्या बातमीत हे दोन गट एकत्र झालेले असणार. पहिल्या गटात गाठ काढतानाच, त्याच भुलेत डोस दिला. दुसऱ्या गटात आधी नुसती गाठ काढली, पॅथॉलॉजीचा पूर्ण रिपोर्ट येऊ दिला, सगळं चांगलं दिसलं की काही आठवड्यांनी जखम परत उघडून बॉल घालून डोस दिला. दोन्ही गटांत तुलनेसाठी साधारण निम्म्या बायकांना नेहमीचं बाहेरून रेडिएशन दिलं. कागदावर दुसरी पद्धत जास्त शहाणपणाची वाटते की नाही, रिपोर्ट हातात आहे, कोणाला द्यायचं ते नक्की आहे, ओटीचं वेळापत्रकही सोयीचं. मलाही तेव्हा तसंच वाटायचं.

आता आकडे. पहिल्या गटात एकूण २२९८ बायका. ५ वर्षांत त्याच स्तनात कॅन्सर परत आला तो टार्गिटवाल्या ११४० मध्ये २४ जणींना, म्हणजे २.११ टक्के, आणि नेहमीचं बाहेरून रेडिएशन घेतलेल्या ११५८ मध्ये ११ जणींना, म्हणजे ०.९५ टक्के. फरक आहे, पण चाचणी सुरू करताना इतका फरक चालेल म्हणून जी अडीच टक्क्यांची रेघ आखली होती त्याच्या आत आहे. दुसऱ्या गटात, जखम परत उघडलेल्या, ५८१ मध्ये २३ जणींना परत आला, ३.९६ टक्के, आणि समोरच्या ५७२ मध्ये फक्त ६ जणींना, १.०५ टक्के. फरक २.९ टक्के, रेघेच्या बाहेर. दोन्ही निकाल २०२० साली आले. तेच मशीन, तोच बॉल, डोससुद्धा तोच, बदलली ती फक्त वेळ.

असं का होत असेल? एक कारण साधं सुतारकामासारखं आहे. ताज्या खड्ड्याचं मांस मऊ असतं, बॉलला चिकटतं. ३-४ आठवड्यांनी आत पाणी साचलेलं असतं, कडा जून झालेल्या, व्रणाची भिंत तयार झालेली, आणि मूळ गाठीच्या शेजारची जी पेशींची रांग आपल्याला भाजायची होती ती त्या भिंतीच्या मागे सरकलेली असते. एक सेमीत डोस २० वरून ५-७ वर येतो म्हटल्यावर अर्धा सेमी इकडेतिकडे झालं तर काय उरलं सांगा. दुसरं कारण जास्त भारी आहे. जखम झाली की शरीर ती भरून काढायला जो स्राव सोडतं त्यात पेशी वाढवणारे पदार्थ असतात, आणि उरलेल्या कॅन्सर पेशीला ते खतपाण्यासारखे लागू पडतात. २००८ साली एका अभ्यासात ऑपरेशननंतर जखमेतून निघालेलं पाणी गोळा करून प्रयोगशाळेत कॅन्सर पेशींवर टाकून बघितलं, तर नुसत्या ऑपरेशनवालींच्या पाण्यात पेशी जोरात वाढल्या आणि पसरल्या, पण टेबलावरच डोस घेतलेल्या बायकांच्या पाण्यात ती ताकद कमी झाली होती. म्हणजे त्याच क्षणी दिलेला डोस जमीनच बदलतो असं मानायला जागा आहे. महिन्याने द्यायला गेलात तर ते खतपाणी पिऊन झालेलं असतं.

पूर्ण चित्र द्यायचं तर हेही सांगायला पाहिजे की जखम उघडलेल्या गटातसुद्धा जगण्यात, लांब पसरण्यात किंवा पुढे अख्खा स्तन काढावा लागण्यात फरक दिसला नाही. त्यामुळे कोणी तसं घेतलं असेल तर घाबरून जायची गरज नाही, तपासण्या नीट चालू ठेवा. पण ज्यांनी घेतलेलं नाही त्यांनी मुद्दाम दुसरी भूल, दुसरी जखम आणि वर जास्त धोका कशासाठी घ्यायचा?

आणि टेबलावरचं म्हणजे लॉटरी लागली असंही नाही. आमच्या रेडिएशनवाल्यांमध्ये यावर वर्षानुवर्षं भांडणं चालू आहेत, आकडे कसे मोजले इथपासून. इंग्लंडच्या नाइस संस्थेने २०१८ मध्ये हे सर्रास द्यायला हवं असं म्हटलं नाही, जिथे मशीन आधीपासून आहेत तिथेच, पेशंटला सगळं समजावून, नोंदी ठेवून वापरा इतकंच म्हटलं. इटलीत मिलानला इलेक्ट्रॉनचा २१ ग्रेचा एकच डोस ऑपरेशनमध्ये देऊन बघितला, तिथे तर ५ वर्षांत ४.४ टक्के विरुद्ध ०.४ टक्के असा फरक आला आणि १५ वर्षांनी १२.६ विरुद्ध २.४. जगण्यात फरक नाही, पण स्तनात परत येण्याचं प्रमाण बघा. शिवाय टार्गिटमध्ये सुमारे पाचव्या हिश्श्याच्या बायकांना नंतर पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये काहीतरी वाईट निघालं म्हणून बाहेरून रेडिएशन परत घ्यावंच लागलं. म्हणजे एका डोसात सुटका हे पाचातल्या एकीला खोटं ठरतं, आणि ती एक कोण ते आधी कळत नाही. मामांना हेही सांगा. दुसऱ्या बाजूने, पहिल्या गटात हार्टचा आजार, दुसरे कॅन्सर अशा इतर कारणांनी झालेले मृत्यू टार्गिटवाल्यांमध्ये कमी दिसले, ७४ च्या जागी ४५. माझं मत विचाराल तर लहान गाठ, वय ५० च्या पुढे, गाव लांब, आणि मशीन आहे तिथेच ऑपरेशन होणार असेल तर आधी चर्चा करून घ्यायला हरकत नाही. पण ती चर्चा ऑपरेशनच्या आधी व्हायला पाहिजे. तुमच्या आईची ती गाडी गेली, आणि खरं सांगू, फार मोठी गाडी नव्हती ती.

कारण बाहेरून द्यायचं रेडिएशन आता पूर्वीचं राहिलेलं नाही. मी शिकत होते तेव्हा ५ आठवडे, वर बूस्ट (गाठीच्या जागेला जास्तीचे डोस) धरून ६ ते साडेसहा आठवडे, रोज यायचं. चंदगडची बाई महिना दीड महिना इथे नातेवाइकाच्या खोलीत राहायची नाहीतर अर्ध्यात सोडून जायची. मग ३ आठवड्यांवर आलं, ४० ग्रे १५ दिवसांत. आणि मग इंग्लंडची फास्ट फॉरवर्ड चाचणी, ४०९६ पेशंट, २०२० साली निकाल, २६ ग्रे फक्त ५ दिवसांत. ५ वर्षांत स्तनात परत येण्याचं प्रमाण ३ आठवडेवाल्यांत २.१ टक्के आणि ५ दिवसवाल्यांत १.४. म्हणजे सोमवारी सुरू करा, शुक्रवारी संपलं. तुमच्या आईसारख्या केसमध्ये स्तनाच्या फक्त गाठ होती त्या भागाला बाहेरून द्यायचाही पर्याय आहे, त्याच्या चाचण्या चांगल्या आल्यात, फ्लॉरेन्सच्या चाचणीत तर ५ डोस एक दिवसाआड दिले आणि १० वर्षांनी फरक नगण्य होता. मला विचाराल तर १.६ सेमी, ग्रंथी स्वच्छ, ५८ वय, यात ५ डोसांचा कुठलाही प्रकार चालेल, तुमचे डॉक्टर फायनल रिपोर्ट बघून ठरवतील.

रेडिएशन अजिबात न घेतलं तर? हा प्रश्न तुम्ही विचारला नाही पण मामा पुढच्या फोनला विचारतील म्हणून सांगते. ६५ च्या पुढच्या, लहान गाठ, हार्मोनच्या गोळ्या ५ वर्षं इमानदारीने घेणाऱ्या बायकांत न घेऊन बघितलंय, १० वर्षांत ९.५ टक्के जणींना स्तनात परत आलं, घेतलेल्यांत ०.९. जगण्यात फरक नाही. तुमच्या आईचं वय ५८ आहे, त्यामुळे तो विषय मी काढणारच नाही. आणि गोळ्या इमानदारीने हा मुद्दा आपल्याकडे कसा असतो ते सगळ्यांना माहितीय, सांधे दुखायला लागले की पहिली बंद होते ती गोळी.

आता तिसरा प्रश्न, किती दिवसांत. केमो नसेल तर ऑपरेशनपासून ४ ते ६ आठवड्यांत प्लॅनिंग (सीटी स्कॅन करून डोस कुठे कसा द्यायचा ते आखणं) आणि ८ आठवड्यांच्या आत सुरुवात हे मी धरून चालते. काही अडलंच तर १२ आठवडे, त्याच्या पुढे मला झोप लागत नाही. केमो असेल तर ती आधी, आणि शेवटच्या डोसानंतर ३-४ आठवड्यांनी रेडिएशन. लेट्रोझोलसारख्या हार्मोनच्या गोळ्या रेडिएशनसाठी थांबवायची गरज नसते. आणि एक दिवस मागेपुढे झाला म्हणून रडायचं कारण नाही, मोजायचे ते आठवडे.

पण हे आठवडे इथे कसे जातात ते मी रोज बघते. पॅथॉलॉजी रिपोर्टला दहा दिवस, त्यात हार्मोनची तपासणी वेगळी पाठवली की अजून आठवडा. सरकारी योजनेत बसवायचं असेल तर कागद आणि मंजुरी. मग गौरी-गणपती, मग कुणाचं तरी लग्न, मग ऊस तोडायला टोळी आलीय आता घर सोडून कसं यायचं. एक राधानगरीकडची मावशी मला म्हणाली, डॉक्टर गाठ काढली न्हवं, आता शेक कशाला, सून बाळंत हाय, ती उठली की येतो. (आमच्याकडे बायका येतो-जातोच म्हणतात, परगावच्यांनी गोंधळू नये.) सात महिन्यांनी आली ती त्याच जागी नवीन गाठ घेऊन. तिला कुणीतरी सांगितलं होतं की सगळं निघालंय, आता काही नको. रेडिएशन न घेता नुसती गाठ काढली तर काय होतं त्याची अमेरिकेतली एक जुनी चाचणी आहे, २० वर्षांनी ३९ टक्के बायकांत त्याच स्तनात परत आलं, घेतलेल्यांत १४. मावशीला तेव्हा हा आकडा मी सांगितला नव्हता, लेकीला बोलावून सांगायला पाहिजे होता, ते माझ्याकडून राहिलं.

दुसरं एक कारण कुणाच्या लक्षात येत नाही, ते म्हणजे हात. रेडिएशनला हात डोक्याच्या वर नेऊन झोपावं लागतं. काखेतलं ऑपरेशन झाल्यावर बाई हात छातीशी धरून बसते, घरातले पण म्हणतात हलवू नको, आणि महिन्याने प्लॅनिंगला आली की हात खांद्याच्या वर जात नाही. मग फिजिओकडे पाठवा, दोन आठवडे गेले. आईला आजपासून भिंतीवर बोटं चढवत न्यायला सांगा, रोज कालच्यापेक्षा एक बोट वर, पेन्सिलने खूण करत जा. सर्जनना विचारून करा, पण करा. आणि जखमेत पाणी भरून सूज असेल तर ती आत्ताच दाखवा.

डावी बाजू आहे म्हणून हार्टची काळजी तुम्हाला असणारच. त्यासाठी मोठा श्वास घेऊन रोखून धरायचा आणि तेवढ्यात डोस द्यायचा अशी पद्धत आहे, छाती फुगली की हृदय मागे सरकतं. मशीनवर ती सोय आहे का ते विचारा. आईला घरी २० सेकंद श्वास रोखायची सवय लावा, ज्या बायका रोज अंबाबाईच्या आरतीत टिपेला जातात त्यांना हे पहिल्या दिवशी जमतं असा माझा अनुभव आहे, शास्त्र काही नाही त्यात.

सर्जननी खड्ड्यात टायटॅनियमच्या बारीक क्लिपा ठेवल्यात का हे ऑपरेशन नोटमध्ये बघा. त्या असल्या की सीटी स्कॅनवर आम्हाला जागा नेमकी दिसते, नाहीतर व्रण बघून अंदाज बांधावा लागतो, आणि आजकाल व्रण गाठीपासून लांब, दिसणार नाही असा घेतात. मला एकदा एका नर्सिंग होममधून पेशंट आली होती, बायोप्सी न करता साधी गाठ समजून काढलेली, क्लिपा नाहीत, कडांवर खूण नाही, कागदावर नुसतं गाठ काढली एवढंच, तिथे नेम कशावर धरायचा? शेवटी परत ऑपरेशन करावं लागलं. तुमच्याकडे तसं दिसत नाहीये, तरी बघा.

म्हणजे तुमचा हिशेब असा. आज साडेतीन आठवडे झालेत. या आठवड्यात रेडिएशनच्या डॉक्टरांना भेटा, योजनेतून करायचं असेल तर कागद त्याच दिवशी द्या. पुढच्या आठवड्यात प्लॅनिंगचा सीटी, त्यात छातीवर सुईच्या टोकाएवढे दोन-तीन ठिपके गोंदतात, कायमचे. प्लॅन तयार व्हायला काही दिवस. म्हणजे सहाव्या-सातव्या आठवड्यात आईचे ५ डोस होऊनही जातील. कातडी लाल होते ती बहुतेक संपल्यावर आठवडाभराने, तेव्हा घाबरून फोन करू नका आणि हळद लावू नका. येताना पुढून बटणाचा सैल सुती ब्लाऊज घालून आणा, मंगळसूत्र घरी ठेवा, आणि ओरिजिनल रिपोर्टबरोबर पॅथॉलॉजीच्या काचा आणि ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) मागून घ्या, फोनमधला फोटो चालत नाही. ठिपक्यांचं आईला आधी सांगून ठेवा. परवा एक आजी सुई बघून उठूनच बसल्या, मग मी त्यांच्या हनुवटीवरचं गोंदण दाखवलं तर हसायला लागल्या, म्हणाल्या ते तर बाभळीच्या काट्यानं केलंतं, हे काय, टोच.